कोपऱ्यापासून दारापर्यंत

दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "आजोबा, वरचे पुढचे पाच दात काढावे लागतील. हिरड्या पार खराब झाल्यात. थांबलात तर बाकीचेही हातचे जातील." आजोबा म्हणजे माझे वडील, आमचे नाना. मागे कलणाऱ्या त्या खुर्चीत ते आ वासून पडले होते. त्यांनी तोंड मिटलं, रुमालाने ओठ पुसले आणि दुखेल का, कवळी कधी बसेल, यातलं काहीच न विचारता एवढंच विचारलं, "मंग वाजाडता ई का?"

डॉक्टर धुळ्यात नवे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, की नानांनी चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं, आणि क्लॅरिनेटचं तोंड वरच्या पुढच्या दातांखालीच धरावं लागतं. डॉक्टर भला माणूस होता, खोटं बोलला नाही. "कवळीवर तेवढा जोर झेपणं अवघड आहे," म्हणाला. "कोणी कोणी नव्याने शिकतात. पण या वयात..." वाक्य त्याने तिथेच सोडलं. साखर आटोक्यात आणायची, दातांना फार ताण द्यायचा नाही, आणि अकरा दिवसांनी सोमवारी सकाळी नाश्ता करून यायचं, असं ठरलं. मला त्या डॉक्टरचा इतका राग आला, जणू नानांचे दात त्यानेच हलवून ठेवले होते.

मी जळगावला एका शाळेत विज्ञान शिकवते. मे महिन्याची सुट्टी लागली की आठ-पंधरा दिवस धुळ्याला माहेरी येते. त्या वर्षी येताना सोबत लॅपटॉप होता. शाळा बंद होत्या तेव्हा ऑनलाइन वर्गांसाठी तो घेतला होता. पुढे स्नेहसंमेलनाची गाणी त्याच्यावर रेकॉर्ड करता करता मला त्याचं वेड लागलं. फुकटात मिळणारं एक रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, लॅपटॉपला जोडायचा एक माइक, कानाला हेडफोन, एवढ्या भांडवलावर मी शाळेत मोठी तज्ज्ञ ठरले होते. आवाज कापायचा, जोडायचा, खरखर काढायची, हे सगळं मला येतं असा माझा समज होता. दवाखान्यातून रिक्षाने घरी येतानाच मी जाहीर केलं, "नाना, सोमवारच्या आत आपण तुमची दाराची धून रेकॉर्ड करायची."

दाराची धून म्हणजे काय ते सांगते. बँडचं बाकी सगळं वाजवणं सिनेमाच्या गाण्यांचंच. पण नवरदेवाची मिरवणूक शेवटच्या कोपऱ्यावर वळली आणि मांडव दिसायला लागला की नाना हात वर करायचे. ताशे थांबायचे. फक्त मोठा ढोल पावलागणिक एक ठोका द्यायचा, आणि नाना एकटे ती धून धरायचे, थेट मांडवाच्या दारापर्यंत. ती त्यांच्या उस्तादांनी बसवलेली होती. उस्तादांचं मशिदीमागच्या गल्लीत वाद्यं दुरुस्त करायचं दुकान होतं. दिवसा ते बिघडलेली क्लॅरिनेटं खोलून बसायचे आणि लग्नसराईत बँड चालवायचे. नाना पंधराव्या वर्षी त्यांच्या हाताखाली गेले. उस्ताद गेले, त्यांचे मुलगे सुरतेला कापडाच्या धंद्यात रमले, बँडच्या सुपाऱ्या आधी सोनगीर आणि वरणगावपर्यंत असायच्या, त्या कमी होत होत बंद पडल्या. धून कुणी कागदावर उतरवलेली नव्हती. ती फक्त नानांच्या तोंडात होती, आणि ते तोंड सोमवारी रिकामं होणार होतं.

घराशी रिक्षातून उतरताना नाना म्हणाले, "कर तुले काय करनं ते." नानांच्या तोंडी हा होकारच असतो.

मी लागले कामाला. रेकॉर्डिंगला खोली शांत हवी, भिंतींवरून आवाज उलटा यायला नको, हे मला पाठ होतं. मधल्या खोलीच्या खिडक्या मी गाद्यांनी बंद केल्या, दोरी बांधून भिंतींवर गोधड्या टांगल्या, दाराखालच्या फटीत चादर कोंबली. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान. आमची माय, म्हणजे आई, कमरेवर हात ठेवून बघत होती. "उन्हायामा गोधड्या बाहेर काढ्यात! लोके काय म्हनतीन?" ती म्हणाली. मी तिला सांगितलं, की लोकांना दिसणार नाही, कारण आपण दार लावून घेणार आहोत. मग कूलरचं बटण बंद केलं, कारण कूलरचा आवाज माइकमध्ये येतो. मायने कपाळाला हात लावला आणि ती ओसरीत जाऊन बसली.

नानांना मी खुर्चीत बसवलं. माइक समोर. कानाला हेडफोन. हेडफोनमध्ये लय सांभाळायला टिक-टिक लावून दिली. घामाने नानांची बंडी अंगाला चिकटली होती. त्यांनी रीड, म्हणजे फुंकायच्या टोकाला बसवायची वेताची पातळ पट्टी, तोंडात धरून ओली केली, क्लॅरिनेटला लावली, आणि फुंकलं. लॅपटॉपच्या पडद्यावरच्या सगळ्या रेघा एका झटक्यात तांबड्या झाल्या. चाळीस वर्षं भर रस्त्यात, ताशांच्या वर, गाड्यांच्या हॉर्नच्या वर वाजवलेला माणूस तो. मी माइक आधी टेबलावरून कपाटावर नेला, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हा कुठे रेघा हिरव्या राहिल्या.

पण वाजवणं काही लागेना. नानांनी हेडफोन काढून ठेवला. "आठे ते माले मनाच आवाज ऐकू येत नही," म्हणाले. मी पुन्हा घातला. त्यांनी पुन्हा सुरू केलं, आणि या वेळी मला दर थोड्या वेळाने एक धप्प असा आवाज ऐकू आला. नाना उजवा पाय आपटत होते. मी रेकॉर्डिंग थांबवलं. "नाना, पाय नका आपटू, माइकमध्ये येतो." ते बरं म्हणाले आणि पुढच्या खेपेला पुन्हा आपटला. मग मी एक गोधडी चौपदरी करून त्यांच्या पायाखाली घातली. आता धप्प ऐकू येईना. मी स्वतःवरच खूश झाले.

तिसऱ्या खेपेला वाद्य बरं लागलं. धून पुढे सरकली, वर गेली, खाली आली, पुन्हा पहिल्या जागेवर आली, आणि पुन्हा सुरू झाली. मग पुन्हा. मी हाताने खूण केली, की आता संपवा. नाना डोळे मिटून तीच धून गोल गोल फिरवत राहिले. तितक्यात लॅपटॉपचा आतला पंखा घरघरायला लागला, तो वाढत वाढत पिठाच्या गिरणीसारखा झाला, आणि पडदा काळा पडला. उकाड्याने लॅपटॉप आपोआप बंद झाला होता. नाना अजून वाजवतच होते. "नाना, संपवा ना आते!" मी ओरडले. त्यांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. "मांडव उना का?" त्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती ती. मांडव आला का, हे ते खरंच विचारत होते.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉपच्या व्यवस्थेत डोकं लढवलं. परातीत माठातलं गार पाणी घेतलं, परातीत दोन विटा उभ्या केल्या, विटांवर स्टीलची जाळी आणि जाळीवर लॅपटॉप. मायने हे बघितलं आणि विचारलं, की याला आता नैवेद्य कधी दाखवायचा. पण युक्ती चालली. लॅपटॉप बंद पडला नाही. चालली नाही ती धून. दर वेळी तेच. सुरुवात ठीक, मध्य ठीक, आणि मग शेवटच नाही, पुन्हा पहिल्यापासून. नाना दिवसातून चारदाच वाजवू शकत होते, पाचव्यांदा हिरडीतून रक्त यायचं. म्हणजे प्रत्येक खेप मोलाची होती, आणि मी त्या माझ्या शिस्तीपायी एकेक करून वाया घालवत होते. हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा मला एवढंच कळलं, की दिवस संपत चाललेत आणि म्हातारा ऐकत नाही.

बुधवारी माझा तोल सुटला. मी म्हणाले, "चाळीस वर्षं वाजवलं, आणि शेवट कसा करायचा तेवढं माहीत नाही तुम्हाला?"

नानांनी क्लॅरिनेटचे पाच तुकडे एकेक करून सोडवले, प्रत्येकातून फडकं फिरवलं, लाल मखमलीच्या खळग्यांत ठेवले आणि पेटीची कडी लावली. मग बाहेर जाऊन माठातून पाणी प्यायले. शाळेतल्या मुलांवर मी रोज याहून मोठ्याने ओरडते. पण कडी लावून कुणी असं उठून जात नाही. माफी मागायला हवी होती. मी मागितली नाही. मी लॅपटॉप उघडून बसले.

मनात म्हटलं, झाल्या तेवढ्या रेकॉर्डिंगमधून एक धड बनवू. चांगले चांगले भाग कापले, जोडले. मागची सगळी खरखर काढली. नाना दोन सुरांच्या मध्ये नाकाने जोरात श्वास घेतात, तो पुसला. शेवट नव्हता, म्हणून आवाज हळूहळू बारीक करत विरवून टाकला, रेडिओवर करतात तसा. दोन दिवस खपून बनवलं. माझ्या मते अगदी सुंदर झालं होतं. शुक्रवारी संध्याकाळी नानांच्या कानाला हेडफोन लावला आणि तोंडाकडे बघत बसले.

नानांनी पूर्ण ऐकलं. हेडफोन काढला. माझ्याकडे न बघता, अगदी सरळ आवाजात विचारलं, "हाई कोन वाजाडी राह्यना?"

मला रडू आलं, ते लपवायला मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. परत आले तेव्हा नाना ओसरीत उभे होते. रस्त्याने कुठल्याशा डीजेची गाडी चालली होती. नानांचा उजवा पाय त्या तालावर आपोआप उचलत होता, पडत होता, आणि पायाबरोबर अंग अर्धा इंच पुढे जाऊन मागे येत होतं. मी बघत राहिले. गोधडी घालून मी मोडलेली खोड ती हीच. खोड कसली, हा तर तो मोठा ढोल होता, आणि हा माणूस खोलीत बसून पायी चालत होता. मी त्याला खुर्चीत डांबलं होतं, कान झाकले होते, पायाखाली गोधडी घातली होती, आणि वर विचारत होते की पोहोचत का नाही.

"नाना," मी म्हटलं, "बसून वाजवलंय का कधी तुम्ही?"

"उस्तादना दुकानमा शिकनू तव्हढंच. मंग बठ्ठं चालता चालताच."

"मग पहिल्या दिवशीच सांगायचं ना!"

"तू इचारं कोठे?" नाना म्हणाले. तेही खरंच होतं.

रविवारी सकाळी गल्लीत वाजवायचं ठरलं. ऊन चढायच्या आधी, साडेसहाला. शनिवारभर मी तयारी केली. लॅपटॉपची बॅटरी त्या आठवड्याच्या उकाड्याने पार ढेपाळली होती, जेमतेम पंधरा मिनिटं टिकायची. माइक झाडूच्या दांड्याला परकराच्या नाडीने बांधला. वारा लागू नये म्हणून त्याला माझ्या मुलाचं लहानपणीचं लोकरीचं टोपडं घातलं, मायने ते बोहारणीला न देता जपून ठेवलं होतं. मी नानांच्या दोन पावलं बाजूने चालायचं, डाव्या हातावर उघडा लॅपटॉप आणि उजव्या हातात टोपडं घातलेला झाडू. टिक-टिक नाही, हेडफोन नाही. खोलीतल्या गोधड्या मी काढून घड्या करून ठेवल्या. माय म्हणाली, "उनी का अक्कल." मी म्हटलं, आली.

रविवारी सकाळी उठून बाहेर आले तर गल्लीभर पाणी आलेलं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आठवड्याने येतं, आणि येतं तेव्हा सगळी गल्ली एकाच वेळी भरायला लागते. दारोदार मोटरी घुरघुरत होत्या, पाइप इकडून तिकडे गेलेले, बायका हंडे विसळत एकमेकींना हाका मारत होत्या. मी मटकन पायरीवर बसले. उद्या दात निघणार, आणि आज हे. आठवड्यातल्या सात दिवसांत पाण्याला हाच दिवस सापडला होता.

नाना मात्र धुतलेला पायजमा-सदरा घालून, टोपी चढवून, क्लॅरिनेट जोडून बाहेर आले. गल्लीकडे एकदा बघितलं आणि कोपऱ्याच्या दिशेने चालू लागले. लग्नाच्या गर्दीपुढे हे म्हणजे काहीच नव्हतं. मी लॅपटॉप उचलून त्यांच्या मागे धावले.

कोपऱ्यावर पिंपळाचा पार आहे. तिथून आमचं दार दिसतं. नाना तिथे उभे राहिले, रीड ओली केली. मी रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. नानांनी सवयीने हात वर केला, ताशे थांबवायला करायचे तसा. ताशेवाले कुठेच नव्हते. पण समोरच्या घरातली अक्का, मायच्याच वयाची, हातात पाइप धरून उभी होती, तिने तो हात बघितला. तिच्या लग्नालाही नानांच्या बँडचीच सुपारी होती. ती मागे वळून सुनेवर ओरडली, "मोटर बंद कर वं माय, नाना वाजाडी राह्यनात!"

तिची मोटर थांबली. मग शेजारची. मग पलीकडची. एकेक करून गल्लीतली घुरघुर कमी होत गेली. धुळ्यात पाणी आलेलं असताना मोटर बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. मला ते दिसत होतं आणि विश्वास बसत नव्हता. एका घराची मोटर मात्र चालूच राहिली, ते घर कुलूप लावून गच्चीवर गेलं होतं म्हणे. ती रेकॉर्डिंगमध्ये आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

नानांनी वाजवायला घेतलं, आणि पहिलं पाऊल टाकलं.

आठ दिवस मी जे ऐकत होते ते हेच सूर होते, आणि हे ते मुळीच नव्हते. पाऊल पडलं की सूर पडायचा. पाऊल उचललं की श्वास. डबकं आलं तिथे नाना जरा थांबले, बाजूने गेले, आणि धूनही तेवढीच रेंगाळून पुढे निघाली. निम्म्या वाटेवरच्या पिठाच्या गिरणीपाशी धून वर चढली. ती नेहमी तिथेच वर चढते असं वाटावं इतकी ती जागा बरोबर होती. नानांच्या हनुवटीवर रक्ताची बारीक रेघ आली होती. मी म्हटलं थांबा, पण ते मनातल्या मनात. आयुष्यात पहिल्यांदा मी नानांच्या कामात तोंड घातलं नाही. हंडे भरणाऱ्या बायका कडेला सरकल्या होत्या. पडद्यावर बॅटरी नऊ टक्के दिसत होती.

आमचं घर चार पावलांवर आलं, आणि मला धडकी भरली. आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील. आता गल्लीच्या त्या टोकापर्यंत जावं लागेल, आणि बॅटरी पुरणार नाही.

तेवढ्यात दारात माय आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने डोक्यावरून पदर घेतला होता, एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. मांडवाच्या दाराशी आलेल्या नवरदेवावरून बायका ओवाळतात तसा तिने तो तुकडा नानांवरून तीनदा ओवाळला आणि बाजूला टाकला. तांब्यातलं पाणी त्यांच्या पावलांपुढे ओतलं. आणि नानांनी, पाय जुळवून उभं राहात, तीन सूर वाजवले. खालचे, सावकाश, एकापाठोपाठ एक. मी ते जन्मात कधी ऐकले नव्हते. मग क्लॅरिनेट खाली घेतलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. समोरच्या अक्काने डोळ्यांना पदर लावला, मग सुनेला मोटर चालू करायला सांगितली. मी पायरीवर बसून आधी फाइल जतन केली, दोनदा केली, मग रडले, आणि या वेळी तोंड धुवायला गेले नाही. "नाना, हे तीन सूर कुठून आले?" मी विचारलं. "शेवट होता, तर इतके दिवस का नाही वाजवलात?"

नाना रुमालाने हनुवटी पुसत होते. "शेवट व्हता," म्हणाले. "दार नव्हतं."

मायला मी विचारलं, तुला कसं माहीत. ती तांब्या घेऊन आत निघाली होती. "मना लगीनमा उस्तादनी वाजाडं व्हतं," ती म्हणाली. "मी आत बठेल व्हतू. बाहेर पानी ओतं आन मंग ते तीन सूर उनात. तव्हय समजनं, नवरदेव उना." लग्नाच्या गोंधळात, दारापाशी सगळे ओरडत असताना, ते तीन सूर फक्त आत बसलेल्या नवरीला ऐकू येत असणार. इतकी वर्षं तिने ते कुणाला सांगितले नव्हते. कुणी विचारलं होतं कुठे.

सोमवारी पाच दात निघाले. संध्याकाळी गालाला बर्फाची पिशवी लावून नाना ओसरीत बसले, मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्या रेकॉर्डिंगमधून मी काहीही काढलं नव्हतं. मोटर, हंडा आपटल्याचा आवाज, नाकाचा श्वास, पाय, मायने ओतलेलं पाणी, सगळं होतं तसं. नानांनी ऐकलं, पुन्हा लाव म्हणून बोटाने खूण केली. पुन्हा ऐकलं. मग बर्फ बाजूला घेऊन, सुजलेल्या तोंडाने म्हणाले, "मीच शे." मी बुधवारची माफी तेव्हा मागितली. त्यांनी हात झटकला, आणि तिसऱ्यांदा लावायला सांगितलं.

त्यानंतर पावसाळा आला, कवळी बसली. नानांनी दोनदा क्लॅरिनेट तोंडाला लावून बघितलं, कवळी निसटून रीडवर आली, त्यांनी पेटीची कडी लावून टाकली. मला वाटलं संपलं. दिवाळीच्या सुट्टीत धुळ्याला गेले तेव्हा मी फराळाचं खात होते, चकली. नाना समोर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मला वाटलं काही लागलंय. ते म्हणाले, "तुना दात कसा शेतस?"

मी आठ-नऊ वर्षांची असताना ती पेटी एकदा उघडली होती आणि नानांच्या हातचा मार खाल्ला होता. पोरींनी फुंकायचं नसतं, हे त्यांचंच वाक्य. मी त्यांना त्याची आठवण करून दिली. इतकी वर्षं मनात धरून ठेवलं होतं, सोडते कशी? नाना खाली बघत म्हणाले, तेव्हा चुकलं. एवढंच. मी चकली पूर्ण खाल्ली, मुद्दाम हळूहळू, कडाकडा चावून. मग म्हटलं, माझे दात चांगले आहेत.

आता दर शनिवारी शाळा सुटली की मी धुळ्याची एसटी पकडते. शेहेचाळिसाव्या वर्षी ओठ सुजतात, गाल दुखतात, पहिले दोन महिने तर नुसती म्हैस ओरडत होती असं माय म्हणते. लॅपटॉप आता नानांच्या ताब्यात आहे. रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने कसं लावायचं ते त्यांनी शिकून घेतलंय. हेडफोन लावून ते ओसरीत बसतात, एक तुकडा मला ऐकवतात, मग माझा रेकॉर्ड करून मलाच ऐकवतात, आणि मी शाळेत वापरते त्याच सुरात मला झापतात. बसून वाजवायची मात्र मला बंदी आहे. रविवारी सकाळी पिंपळाच्या पारापाशी उभं राहायचं आणि निघायचं. चुकलं की जागेवर थांबायचं आणि मागे परत, पहिल्यापासून. शेवटचे तीन सूर त्यांनी अजून शिकवलेले नाहीत. ते दारात आल्यावरच, म्हणतात.

मागच्या रविवारी मी पिठाच्या गिरणीपर्यंत पोहोचले. त्याच्या पुढे श्वास तुटला. दारात माय उभी होती, डोक्यावर पदर, एका हातात तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. मी लांबूनच ओरडले, "माय, आज बी नही!"

तिने तुकडा दारातल्या चिमण्यांना टाकला. "काही घाई नही," ती म्हणाली. "भाकर ते मी रोजच करस."